उभं घड्याळ, आडवं घड्याळ

धाकट्याच्या हातात जुनं खिशातलं घड्याळ द्या, तो वेळ बघणार नाही. आधी ते उलटं करणार, नखाने पाठीचं झाकण उचकटणार, डोळ्याला भिंग लावणार आणि झाकणाच्या आत काय खरवडलंय ते वाचत बसणार. घड्याळ जिवंत आहे की मेलंय याचं त्याला सोयरसुतक नाही. त्याची बायको म्हणते, "मला बघायला आले तेव्हा माझं तोंडही धड बघितलं नाही यांनी. आमच्या भिंतीवरचं घड्याळ कुणी दुरुस्त केलंय ते विचारत होते."

तर ते खरवडलेलं काय असतं, ते सांगतो. पूर्वी रेल्वेच्या ड्रायव्हरला नि गार्डाला स्वतःचं घड्याळ खिशात बाळगावं लागायचं. आठवड्यात तीस सेकंद इकडेतिकडे झाली तर झाली, एकतिसावं चालायचं नाही. तेव्हा घड्याळं विकायचे नि दुरुस्त करायचे ते सराफच; दर पंधरा दिवसांनी ते रेल्वेने मंजुरी दिलेल्या सराफाकडे न्यायचं, त्याने तपासून कार्डावर सही द्यायची. आणि ज्या कारागिराने घड्याळ खोललं, तो झाकणाच्या आत सुईच्या टोकाने तारीख आणि आपली खूण कोरायचा. कुणाची खूण मासा, कुणाची दोन आडव्या रेघा, कुणाचं नुसतं उलटं अक्षर. गिऱ्हाइकाला ती दिसायची नाही. पुढचं घड्याळ खोलणाऱ्याला दिसायची. कारागिरांनी कारागिरांना टाकलेल्या चिठ्ठ्याच म्हणा ना.

धाकटा या चिठ्ठ्यांच्या मागे लागलेला. नोकरी पाणीखात्यात, नळाचे मीटर दुरुस्त करायची. शाळा नववीपर्यंत, तीही मास्तरांच्या मेहेरबानीने. पण एकसष्ट घड्याळं जमवली त्याने, भंगारवाल्यांकडून, ड्रायव्हरांच्या विधवांकडून, एक तर कोंबड्यांच्या खुराड्यात सापडलेलं. आणि प्रत्येकाच्या आतली खूण कोणत्या सराफाची, ते दुकान कुठे होतं, आता तिथे काय आहे, हे सगळं हुडकून एका जाड वहीत लिहिलं. एका माशाच्या खुणेसाठी तीन वर्षं घालवली. शेवटी कुणा सराफाची म्हातारी सून सापडली. तिने पेटीतून सासऱ्याचं हत्यार काढलं, त्याच्या मुठीवर तोच मासा! धाकटा तिथे तिच्या ओट्यावर बसून रडला म्हणतात. कॉलेजं शिकलेल्या दहा जणांना बसवा, एकाला जमणार नाही हे काम. पैज लावतो.

हे येणार कुठून? रक्तातून. वडील, बाबा, स्वतः मंजुरीवाले सराफ. त्यांची खूण म्हणजे उघडी कात्री. एकसष्टपैकी तेवीस घड्याळांत ती कात्री आहे. दुकानात आता थोरला भाऊ चष्मे विकतो, पण दारावरची पाटी बाबांच्याच नावाची. थोरल्याचं बोलणं मोठं, छाती त्याहून मोठी. नंबर तपासायला आलेल्या माणसाला आधी बाबांची कीर्ती ऐकावी लागते, मग अक्षरं वाचायला मिळतात. "आमच्या बाबांच्या हातचं एकही घड्याळ परत आलं नाही! रेल्वेचे साहेब आपली घड्याळं यांच्या घड्याळाला लावायचे!" माणूस म्हणतो, "हो, पण मला जवळचं दिसत नाही." थोरला म्हणतो, "त्याचं बघू हो. आधी ऐका."

स्टेशनातली जुनी वेटिंग रूम रिकामी पडली होती. थोरल्याने स्टेशनमास्तरच्या मागे लागून लागून ती पंधरा दिवसांसाठी मिळवली. धाकट्याची घड्याळं मांडायची आणि मधोमध बाबांचं नाव. पेपरात छोटी बातमीही आणवली. शहाऐंशी वर्षांच्या बाबांना त्याने ती मोठ्याने दोनदा वाचून दाखवली. बाबांनी ऐकून घेतलं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते, तसेच राहिले. थोरल्याला वाटलं, भरून आलंय.

ती बातमी वाचूनच मास्तरीणबाई आल्या. साठीच्या, निवृत्त, कडक इस्त्रीच्या. दुकानाच्या मागच्या खोलीत धाकट्याचं टेबल आहे, तिथे थेट येऊन बसल्या आणि पर्समधून रुमालात बांधलेलं घड्याळ काढलं.

"माझ्या वडिलांचं," त्या म्हणाल्या. "ड्रायव्हर होते. मांडून ठेवायला नाही आणलं. एकच विचारायचंय. हे बरोबर होतं की चूक?"

"कधी?" धाकट्याने विचारलं.

"बावन्न वर्षांपूर्वी. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला त्यांनी सव्वासातच्या आत बाजूच्या रुळावर जायचं होतं. गेले नाहीत. टक्कर झाली, दोन माणसं मेली. वडील मरेपर्यंत सांगत राहिले, माझ्या घड्याळात सात बाराच झाले होते. चौकशीत घड्याळ तपासलं, ते बरोबर निघालं. मग ठरलं, हा माणूस इंजिनावर झोपला. नोकरी गेली. पुढे गोदामावर राखणदार झाले. जागं राहायची नोकरी केली हो त्यांनी, शेवटपर्यंत."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"माझं सोडा. आई नव्वदीची आहे. तिला कागदावरचं खरं वाटलं. तिच्या हयातीत काय ते कळू दे. झोपले असतील तर तसं सांगा, मी काही रडणार नाही."

त्या गेल्यावर धाकट्याने झाकण उघडलं. आत दोन तारखा आणि दोन कात्र्या. पहिली टकरीच्या चार दिवस आधीची, साफसफाईची. दुसरी चौकशीच्या दिवसाची. म्हणजे घड्याळ तपासून बरोबर आहे अशी सही देणारे बाबाच. त्यानंतर ते कुणी खोललेलं नव्हतं.

त्याला खरं तर बरं वाटलं. बाबांनी बघितलंय ना, मग प्रश्नच मिटला. तरी त्याने काम नीट केलं. तेल वाळून गोंद झालं होतं, ते धुतलं, नवं थेंबभर घातलं, ज्याच्या लयीवर घड्याळ चालतं त्या डोलणाऱ्या चाकाला हात न लावता सगळं जागच्या जागी बसवलं आणि घड्याळ टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर चोवीस तासांत दोन सेकंदांचा फरक. बावन्न वर्षं रुमालात पडलेलं घड्याळ! म्हणजे ड्रायव्हर झोपलाच होता. आता हे बाईंना सांगायचं कसं, याची जुळवाजुळव करत तो दोन दिवस कामावर गेला.

आणि कामावरच घोटाळा झाला. कुणीतरी एक मीटर परत आणून आदळला, "साहेब, बिल दुप्पट येतंय." धाकट्याने तो बाकावर आडवा जोडून बघितला, बरोबर. शेजारचा फिटर म्हणाला, "अरे घड्याळवाल्या, यांच्या घरी हा भिंतीला उभा बसवलाय. आडवा तपासून काय उपयोग?" पाणीखात्यात हे पोरासोरालाही माहीत असतं. मीटर जसा बसवायचा तसाच तपासायचा. धाकटाही गेली सव्वीस वर्षं तेच सांगत आलेला. पण त्या दिवशी त्याच्या हातातला पाना तसाच राहिला. ड्रायव्हरचं घड्याळ टेबलावर पडून नसतं, खिशात उभं असतं.

तडक घरी आला आणि घड्याळ कडीने खिळ्याला टांगलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला साडेचार मिनिटं मागे. पुन्हा आडवं ठेवलं, दोन सेकंद. पुन्हा टांगलं, साडेचार मिनिटं. भिंग लावून बघितलं तेव्हा कारण सापडलं. डोलणाऱ्या चाकाच्या कडेला बारीक स्क्रू असतात. घड्याळ पुढे पळायला लागलं की त्यांच्याखाली कागदाएवढी पातळ वायसर घालून चाक जड करतात. त्या समोरासमोर घालायच्या, म्हणजे तोल राहतो. इथे दोन्ही एकाच बाजूला होत्या. चाक एका अंगाला जड. घड्याळ झोपलेलं असेल तोवर काही कळत नाही, उभं केलं की मागे पडतं. बाईंना विचारलं, वडील त्या दिवशी किती वेळ ड्यूटीवर होते? म्हणाल्या, सोळा तास. निघताना घड्याळ स्टेशनाला लावायची पद्धतच होती. धाकट्याने पाटीवर गणित मांडलं. सोळा तासांची तीन मिनिटं. सव्वासात आणि सात बारा.

साफसफाईत वायसर घालताना बाबा घाईत चुकले असतील, हे धाकटा समजू शकत होता. चौकशीत सात साहेब डोक्यावर बसलेले, घड्याळ टेबलावर ठेवून तपासलं असेल, मनात काळंबेरं नसेल. त्याला झोप लागेना ते दुसऱ्याच गोष्टीने. बाबांच्या खुणेत कात्रीजवळ एक बारीक गोल असतो. थोरला तो गिऱ्हाइकांनाही दाखवतो: "हा गोल म्हणजे घड्याळ पाच दिवस टांगून तपासलं! दुसरा कुठला सराफ करायचा हे? आमच्या बाबांनी भिंतभर खिळे मारले होते!" धाकट्याने वही काढली आणि ती तेवीस घड्याळं तारखेप्रमाणे ओळीत लावली. चौकशीच्या आधीची नऊ. एकातही गोल नाही. चौकशीनंतर महिन्याभराने पुढे चौदा. चौदाच्या चौदांत गोल.

म्हणजे बाबांना कळलं होतं.

दुपारी दुकान बंद असताना तो बाबांच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसला. घड्याळ त्यांच्या हातात दिलं. म्हाताऱ्याचे डोळे गेलेत, पण बोटं शाबूत. झाकणावरून अंगठा फिरवला आणि थांबला.

"कुठून आलं हे?"

"ड्रायव्हरची मुलगी घेऊन आली. टांगून बघितलं मी, बाबा."

बाबांनी घड्याळ कानाशी धरलं. मग म्हणाले, "चौकशीनंतर तीन आठवड्यांनी एका गार्डाचं आलं. म्हणाला, घरी बरोबर चालतं, गाडीवर मागे पडतं. मी त्याला हसलो. मग सहज टांगलं." त्यांनी घड्याळ मांडीवर ठेवलं. "तेव्हा उजाडलं माझ्या डोक्यात."

"मग सांगितलं का नाही?"

"गेलो होतो सांगायला. त्या ड्रायव्हरच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. त्याची बायको दारात कपडे पिळत होती, ती माझ्याकडे बघून ओळखीचं हसली. माझ्या सहीने तिच्या नवऱ्याची भाकरी गेली होती आणि ती मला मान देत होती रे. फिरलो माघारी. सांगितलं असतं तर मंजुरी गेली असती. दोन माणसं मेलेली. तुझा दादा पाच वर्षांचा होता, तुझी आई अंथरुणावर. उद्या सांगू म्हटलं. मग खिळे मारले."

"खिळे मारून त्याची नोकरी परत आली नाही, बाबा."

"माहीत आहे मला. मी मेल्यावर सांग तिला. तेवढं कर."

"तिची आई नव्वदीची आहे. तुमच्या दोघांत आधी कोण जातंय, त्याची वाट बघत बसू का मी?"

असं बापाशी तो जन्मात बोलला नव्हता. बोलून स्वतःच घाबरला.

थोरला दारात उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. त्याने धाकट्याला दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"वायसर दोनच आहेत ना?" थोरल्याने हळू विचारलं. थोरला हळू बोलतो हेच नवल.

"दोनच."

"चिमट्याने काढून टाक. तोल येईल. मग टांग नाहीतर उलटं कर, बरोबर चालेल. बाईला सांग घड्याळ ठीक होतं. मेलेला माणूस मेलाय. बाबा जिवंत आहेत."

"आणि ती म्हातारी?"

"आपली कोण ती? ज्या माणसाच्या नावावर तू जेवलास, वाढलास, त्याचं नाव पुसणार तू? पाणी मोजणारा फिटर! पाटीवरचं, वेटिंग रूममधलं नाव उतरवून तिथे काय लावू, सांग? इथे खोटी सही मिळेल?"

"दादा, हळू. बाबा ऐकतील."

"ऐकू देत! बावन्न वर्षं एकटे ऐकत बसलेत ते!" म्हणाला, आणि आपणच काय बोललो ते कळून थोरला दार उघडून निघाला. काउंटरवर जाऊन चष्म्याच्या काचा पुसत बसला. स्वच्छ काचा पुन्हा पुन्हा पुसत होता.

धाकटा टेबलाशी बसला. चिमटा समोरच होता. अर्ध्या मिनिटाचं काम. पुरावा म्हणून जगात तेवढंच होतं, दोन वायसर, फुंकर मारली तरी उडतील अशा. त्याने चाक भिंगाखाली घेतलं, चिमटा स्क्रूपर्यंत नेलाही. खोटं कशाला सांगू? नेला. तुमच्यापैकी ज्याचा गेला नसता, त्याने पहिला दगड मारावा. मग हात थांबला. मोठ्या विचाराने नाही, सवयीने. कुणाचंही काम बदलायचं तर आधी वहीत लिहायचं, कुठे काय होतं, कुणी केलं होतं. सव्वीस वर्षांची सवय. त्याने पेन उचललं आणि लिहायला लागला: दोन वायसर, एकाच बाजूला, खूण कात्री. लिहून झाल्यावर त्याला ते परत वाचवेना आणि चिमटाही उचलवेना.

गुरुवारी कामावर रजा टाकून तो मास्तरीणबाईंच्या घरी गेला. दोन खोल्या, स्वच्छ, भिंतीला एक कपाट. म्हातारी पलंगावर उशीला टेकून बसली होती. कान चांगले, नजर त्याहून. धाकट्याने सगळं सांगितलं. चाक, वायसर, सोळा तास. मग म्हणाला, "सही करणारे माझे वडील. त्यांना नंतर कळलं होतं. त्यांनी सांगितलं नाही."

मास्तरीणबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. म्हातारीने विचारलं, "म्हणजे तो जागा होता?"

"हो आजी. जागे होते. घड्याळाप्रमाणे बरोबर गाडी चालवत होते."

म्हातारी बोटांनी चादरीची कड मोजत राहिली. म्हणाली, "बावीस वर्षं जगला तो त्यानंतर. मी रोज ताट वाढताना म्हणायचे, जेव, की इथेही झोपतोयस? रोज. पोरांसमोर. पाहुण्यांसमोर. तो काही म्हणायचा नाही. जेवायचा."

"आई, राहू दे," बाई म्हणाल्या.

"का राहू दे? ह्याला कळू दे. ह्याच्या बापाला पण सांगेल जाऊन." मग धाकट्याकडे बघून म्हणाली, "तू रे, कशाला आलास? तुला काय पडलं होतं?"

येताना धाकट्याला वाटलं होतं की सांगितल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. उलट आता म्हातारीचंही त्यावर येऊन बसलं. बाईंनी त्याला दारापर्यंत सोडलं. त्यांनी आभार मानले नाहीत, शिवीही दिली नाही. "हे लिहून हवंय मला," म्हणाल्या. "सहीनिशी. आणि सही तुमची नको."

घरी आला तेव्हा बाबा खुर्चीत सरळ बसले होते. अंगावर बाहेर जायचा सदरा, बटणं वरखाली लागलेली.

"काय म्हणाली?"

धाकट्याने आधी टाळलं. बाबांनी पुन्हा विचारलं. मग त्याने ताटाचं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. थोरला काउंटरमागे होता. एक गिऱ्हाईक अक्षरांच्या तक्त्यासमोर बसलं होतं, थोरल्याने त्याला "उद्या या" म्हणून उठवलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला काही न ऐकवता.

"मला तिथे घेऊन चल," बाबा म्हणाले.

"तिने बोलावलं नाही, बाबा. दार उघडेल की नाही ते पण सांगता येत नाही."

"नाही उघडलं तर बाहेर उभा राहीन."

"तुम्हाला दहा मिनिटं उभं राहवत नाही!" थोरला काउंटरमागून ओरडला. तो बाहेर आला, बाबांच्या सदऱ्याची बटणं वरपासून खालपर्यंत सोडली आणि पुन्हा लावली, एकेक, रागाने. मग खाली बसून त्यांच्या पायांत बूट चढवायला लागला. टाच आत जाईना.

"पाय पुढे करा नीट," तो म्हणाला. "आणि मी आत येणार नाही. रस्त्यावर थांबेन. आत्ताच सांगून ठेवतो."

"नको येऊस," बाबा म्हणाले.

धाकट्याने कोरा कागद घडी करून खिशात घातला, पेन घेतलं, आणि थोरल्याने एका बाजूने उठवलं तसा बाबांच्या दुसऱ्या काखेत हात घातला.